सहा बिऱ्हाडांची कुटुंबप्रमुख

मेट्रनबाईंनी तो टॉप दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी मी काढून दिलेल्या पॅटर्नवरून शिवलेला तो पहिला नमुना. शिलाई सुरेख होती, गळा छान बसला होता, खिसा जिथे हवा तिथेच होता. अडचण एवढीच होती की तो एखाद्या रांगत्या बाळालासुद्धा काखेत काचला असता.

"आमच्याकडे हा कुणाला होईल?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"पॅटर्न बरोबर आहे हो," मी म्हटलं. "सगळ्यात मोठं माप आहे ते."

"सगळ्यात मोठं," असं म्हणून त्या शेजारी उभ्या असलेल्या कटिंग मास्टरांकडे वळल्या.

"मॅडम, मोबाइलवर जसं आलं तसं छापलं आणि जसं छापलं तसं कापलं," मास्टर म्हणाले. "आपल्या मनाचं काही केलं नाही." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं, की त्यांना दोष देणं मलाच जड गेलं.

दोष माझाच होता, किंवा खरं तर त्या मेसेजच्या ॲपचा. माझं काम म्हणजे कपडा कापण्याआधी त्याचे तुकडे कागदावर आखायचे: पुढचा भाग, पाठ, बाही, गळपट्टी. पूर्वी मी ते हाताने आखत असे, आता कॉम्प्युटरवर आखते. रेघ एका बोटाने सरकली तर माणसाचा दंड अडकतो, असा हा नाजूक मामला. आणि मी तो सगळा मामला फोटो काढून मेसेजवर पाठवला होता. त्या ॲपचा स्वभाव काटकसरीचा. येईल ते दाबून चेपून लहान करून पुढे ढकलायचं. वाढदिवसाच्या फोटोचं त्याने काही बिघडत नाही, पण बाहीचं बिघडतं.

मेट्रनबाई कडक असल्या तरी न्यायी होत्या. म्हणाल्या, "हे बघा ताई, मोठ्या फायली ठेवायला ऑनलाइन जागा मिळते. ती घ्या आणि आम्हाला लिंक पाठवा. आमच्या आणखी दोन शाखा आहेत, तिथल्या मास्टरांनाही तीच लिंक जाईल. सोमवारपर्यंत सगळ्या मापांचे पॅटर्न जसेच्या तसे पोचले आणि नमुना माणसाच्या अंगात बसला, तर तिन्ही ठिकाणचं काम तुमचं. नाहीतर मी तयार गणवेश मागवते."

मी तो चिमुकला टॉप पिशवीत घालून घरी आले आणि दारातच ह्यांना दिसू नये म्हणून पिशवी पाठीमागे धरली. कारण त्या टॉपवर आमची मागची खोली अवलंबून होती.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून मागच्या खोलीत माझं काम चालतं. एक मोठं टेबल, कॉम्प्युटर, भिंतीला टांगलेले कागद आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा, ज्याला अंधारात पाहून ह्यांनी एकदा 'कोण आहे तिकडे' असा दम दिला होता. हे निवृत्त झाले तेव्हापासून त्या खोलीवर घरातल्या सगळ्यांचा डोळा आहे. समोरच्या बिऱ्हाडातले विमावाले भाऊजी तर त्यांच्या भाच्यासाठी ती खोली भाड्याने मागून मागून थकत नव्हते. आणि हे त्यांना म्हणत, "बघू. सध्या तिथे हिचं ते चालू असतं." मी वीस वर्षं कात्री धरली, पण ह्यांच्या तोंडी माझ्या कामाला नाव असं कधी मिळालंच नाही. 'तुझं ते आवर, पाहुणे येतायत.' 'तुझं ते झालं असेल तर चहा टाक.' शेवटी मी चिडून शब्द देऊन बसले होते, की रुग्णालयाचं काम मिळालं नाही तर भाचा येऊ दे खुशाल. हा शब्द मी भाऊजींच्या देखत दिला, ही दुसरी चूक.

रात्री जेवताना मी ऑनलाइन जागेचा विषय काढला. ह्यांनी घास खाली ठेवला.

"जागा विकत घ्यायची? आणि ती दिसणार नाही?"

"भाड्याने. महिन्याच्या महिन्याला."

"म्हणजे आपली खोली भाड्याने द्यायची नाही आणि वर आपणच भाडं भरायचं," हे म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा नेहमी त्या क्षणी बोलणाऱ्याला पाठिंबा असतो.

"एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दे, मी बसने जाऊन देऊन येतो," हे पुढे म्हणाले. तीन शाखा तीन गावांत आहेत आणि दर वेळी मापं बदलली की पुन्हा जावं लागेल, हे ऐकल्यावर त्यांनी तो प्रस्ताव मागे घेतला. पण विषय हातात घेतला. त्यांनी सगळी नोकरी सरकारी खरेदी विभागात काढली. टाचण्यांची डबीसुद्धा तीन ठिकाणची दरपत्रकं आल्याशिवाय घेतली नाही, असं ते सांगतात, आणि मला ते खरं वाटतं, कारण आमच्या लग्नाआधी त्यांनी म्हणे तीन मुली पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्मा शोधत नेहमीप्रमाणे न विचारता मागच्या खोलीत शिरले आणि माझ्या खुर्चीत बसून त्यांनी तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. 'महोदय, आपल्याकडील ऑनलाइन जागेचे दर, अटी व शर्तींसह, पंधरा दिवसांच्या आत कळवावेत.' सोमवार पाच दिवसांवर आला होता. एका कंपनीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने जाहिरात पाठवली. तिसरीचं उत्तर मात्र पडद्यावर ताबडतोब आलं: 'तुमचा प्रश्न समजला. तुम्हाला पासवर्ड बदलायचा आहे का?'

"नाही," ह्यांनी लिहिलं. "मला दरपत्रक हवं आहे."

'समजलं. पासवर्ड बदलण्यासाठी खालील बटण दाबा.'

"किती नम्र माणूस आहे," हे म्हणाले आणि त्या यंत्राशी त्यांचा दुपारपर्यंत पत्रव्यवहार चालला. शेवटी आमचा पासवर्ड बदलला गेला.

तोवर मी स्वतः चाचपडत काही गोष्टी शोधल्या होत्या. फुकट जागा मिळते, पण तिथली लिंक आठवड्यात मरते, आणि पॅटर्न उघडायच्या आधी पोट कमी करायच्या औषधाची जाहिरात येते. परिचारिकांच्या गणवेशाच्या कामात हे बरं दिसलं नसतं. एक जागा फार स्वस्त होती, पण तिथे समोरच्यालाही खातं उघडावं लागे. मी मास्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "ताई, मी कुठेच नाव नोंदवत नाही. एकदा एका दुकानात नंबर दिला होता, अजून फोन येतात." एक चांगली होती, पण वर्षाचे पैसे एकदम मागत होती, आणि माझं वर्षभराचं काम एका सोमवारवर लटकत होतं.

अशा अवस्थेत विमावाले भाऊजी वर्तमानपत्र परत करायला आले. आमच्या इमारतीत वर्तमानपत्र एकच येतं आणि सहा घरांत फिरतं. शिडी एक, ड्रिल मशीन एक, इंटरनेटही दोन मजल्यांत एक. जे सहा जणांत चालेल ते एकट्याने घेणं म्हणजे पैशाचा माज, असं इथलं मत आहे. मत चुकीचंही नाही.

"वहिनी, एकट्यासाठी कशाला घेताय?" भाऊजी म्हणाले. "फॅमिली प्लॅन घ्या. सहा माणसांचं कुटुंब, जागा भरपूर, आणि माणशी खर्च म्हणाल तर नगण्य. आपली सहा घरं आहेतच."

"पण आपण एक कुटुंब नाही."

"मनाने आहोत ना?" असं म्हणून ते ज्या वेगाने उठले, त्यावरून त्यांच्या पॉलिसीच्या कागदांनी त्यांचं घर किती भरलं असेल ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत कुटुंब जमलं. भाऊजी, वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या मावशी, इमारतीचे सेक्रेटरी, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि नवीनच राहायला आलेलं जोडपं, ज्यांना नाही म्हणायची अजून सवय झाली नव्हती. मी कुटुंबप्रमुख. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा मान मला घरात कधी मिळाला नव्हता, त्यामुळे मी जरा हुरळले हे कबूल करते. कंपनीने विचारलं, सगळे सदस्य एकाच पत्त्यावर राहतात का? सेक्रेटरी म्हणाले, "पत्ता एकच आहे. मजल्याचं त्यांनी विचारलेलं नाही." मग प्रत्येकाच्या फोनवर सहा आकडी नंबर आले. मावशींचा फोन रियाजाच्या वेळी बंद असतो. डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत होते. माझ्या कार्डाचा नंबर तर ह्यांच्या फोनवर येतो, आणि हे फिरायला गेले होते. बागेच्या चौथ्या फेरीला त्यांना गाठून मी तो नंबर घेतला, तोवर त्याची मुदत संपली होती. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी फोनच पदरात बांधून घरी आणला.

जागा मिळाली. मी 'घर' नावाचा एक फोल्डर केला, त्यात माझा 'गणवेश' ठेवला आणि बाकीच्यांना आपापल्या खणात काय ते ठेवा म्हणून सांगितलं. खण कसे करायचे हे कुणाला येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी सगळं 'घर'मध्येच ओतलं. पैसे भरलेत म्हटल्यावर रिकामी जागा कुणाला बघवेना. भाऊजींनी पोचा आलेल्या गाड्यांचे फोटो टाकले. डॉक्टरांनी दातांचे प्लास्टरचे साचे टाकले, वरचे आणि खालचे. सेक्रेटरींनी गच्चीच्या गळतीचा इतिहास, मावशींनी रियाज, नव्या जोडप्याने पलंग जोडताना काढलेला व्हिडिओ, ज्यात शेवटी एक फळी उरते. सासूबाईंना मागे राहवेना. त्या रोज सकाळी रक्तदाबाच्या यंत्राचा फोटो काढतात, ते सगळे त्यांनी माझ्याकडून चढवून घेतले. ह्यांनी दोन फोल्डर केले, 'महत्त्वाचे' आणि 'अतिमहत्त्वाचे', आणि घरातली एकूण एक पावती त्यांत गेली.

शुक्रवारी रात्री माझं काम संपलं. सगळी मापं आखून झाली. मी लिंक केली, मेट्रनबाईंना आणि मास्टरांना पाठवली आणि शांत झोपले. सकाळी चहा घेताना सहज ती लिंक स्वतःच उघडून पाहिली आणि कप हातातच राहिला. 'गणवेश'ची लिंक द्यायच्या ऐवजी मी 'घर'ची दिली होती. म्हणजे एका प्रतिष्ठित रुग्णालयाला मी पॅटर्नसोबत आमची गळती, आमचे दात आणि न जुळलेला पलंग पाठवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धडपडत ती लिंक बंद केली आणि देवाला एवढंच म्हटलं, की अजून कुणी उघडली नसू दे. दुसरी लिंक शांतपणे, तीनदा तपासून करायची म्हणून मी आधी आंघोळीला गेले आणि मग बाजारात.

मी बाजारात असताना ह्यांच्या फोनवर सूचना आली की जागा संपत आली आहे, मोठा प्लॅन घ्या. ह्यांना कुणी खर्च वाढवायला सांगितलं की त्यांच्यातला खरेदी विभाग जागा होतो. ते माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनी साफसफाई केली. मी आले तेव्हा ते हात चोळत उभे होते.

"झाली जागा," हे म्हणाले. "मोठा प्लॅन घ्यायची गरज नाही. डुप्लिकेट काढून टाकले."

"कसले डुप्लिकेट?"

"तुझेच. एकच चित्र किती वेळा ठेवलं होतंस! तीच बाही, तीच पाठ, नऊ-नऊ वेळा. प्रत्येकाचं एकेक ठेवलं. आणि कचरापेटीतल्या फायलीही जागा अडवतात असं तिथे लिहिलं होतं, म्हणून तीही रिकामी केली."

मी पिशवीसकट खाली बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तीच बाही नऊ वेळा असते, कारण माणसं नऊ मापांची असतात. चित्र तेच दिसतं, फक्त दर वेळी थोडं वाढतं. ते थोडं थोडं वाढवण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत. माझ्या कॉम्प्युटरमधला फोल्डर त्या वरच्या जागेशी जोडलेला, त्यामुळे तिथलं पुसलं तेव्हा इथलंही पुसलं गेलं. ह्यांनी ठेवलेलं एकेक माप मी पाहिलं. सगळ्यात लहान ठेवलं होतं. कमी जागा लागते म्हणून.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ह्यांना बरं वाटलं असतं. मी तो चिमुकला टॉप काढून त्यांच्या हातात दिला आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. आणि सांगायला लाज कसली, टेबलावर डोकं ठेवून रडले. भाच्याचा पलंग कुठे लागेल तेसुद्धा दिसायला लागलं. मास्टरांना फोन करून विचारावं, की लिंक उघडली होतीत का? पण पहिल्या नमुन्यानंतर आता 'माझ्याकडून फायलीच गेल्या' हे कुठल्या तोंडाने सांगणार?

बऱ्याच वेळाने हे आत आले. टॉप अजून हातातच होता.

"हा कितव्या मापाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात मोठ्या."

त्यांनी तो स्वतःच्या छातीला लावून पाहिला. मग म्हणाले, "मला टेप धरता येईल. तू सांग, मी धरतो."

आम्ही पुन्हा सुरुवात केली. लहान मापावरून एकेक रेघ वाढवायची, तपासायची, पुढचं माप. शनिवारची उरलेली दुपार गेली, रविवारची सकाळ गेली. ह्यांनी पुतळ्याची छाती, कंबर, खांदा मोजला, आणि पुतळ्याला डोकं नसतानाही ते मान वळवून मोजत होते, संकोच म्हणून. "हे इतकं असतं होय?" एवढंच ते मधूनमधून म्हणत. सासूबाई दारातून सांगत, "मी म्हणत होतेच." काय म्हणत होत्या ते विचारायला कुणाला वेळ नव्हता. रविवारी दुपारी आमची चार मापं झाली होती, पाच उरली होती, आणि माझ्या बोटांनी हात टेकले होते. तेवढ्यात मेट्रनबाईंचा फोन आला.

"ताई, तुमच्या फायली पाहिल्या," त्या म्हणाल्या. "खालचा आकडा ठीक आहे, पण वरचा फार वाढलाय. हे असं चालणार नाही."

मी टेप हातात घेतली. "वरचा म्हणजे छातीचा ना? हात वर केला तर ओढू नये म्हणून मुद्दाम सैल ठेवलाय."

"मी तुमच्या सासूबाईंच्या रक्तदाबाबद्दल बोलतेय," मेट्रनबाई म्हणाल्या. "दर मंगळवारी चढतो. मंगळवारी काय असतं?"

मंगळवारी सासूबाईंच्या जावेचा फोन असतो. पण त्या घडीला मला दुसरंच काहीतरी सुचलं.

"मॅडम, तुम्ही ते... पाहिलंत? कधी?"

"काल सकाळी मास्टरनी उघडलं. थांबा, तेच बोलतील."

मास्टर फोनवर आले. "ताई, त्यातलं कुठलं लागेल आणि कुठलं नाही, मला काय कळतंय? म्हणून सगळंच उतरवून घेतलं. नंतर बघतो तर लिंक बंद. कालपासून दातांच्या साच्यांतून बाह्या शोधतोय. तुम्ही जरा सांगाल का, आपलं त्यात कुठलं? आणि त्या गाणं म्हणणाऱ्या बाई कोण? मशीनवर ते लावून काम फार छान होतं."

नऊच्या नऊ मापं त्यांच्याकडे होती. मी चुकून 'घर' पाठवलं म्हणून होती. नेमका 'गणवेश' पाठवला असता, तर कडक शिस्तीच्या त्या माणसाने सोमवारी उघडायचा म्हणून ठेवून दिला असता; 'घर' हे नाव पाहून मात्र राहवलं नाही, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. मी त्यांना फोल्डरचं नाव सांगितलं आणि मग धीर करून खरं तेही सांगितलं, की माझ्याकडे आता ते नाही आणि बाकी दोन शाखांना पाठवायला मला ते परत हवं आहे.

"मग पाठवतो की. पण ताई, मला उतरवता येतं, वर चढवता येत नाही. पेन ड्राइव्ह चालेल?"

"चालेल. मी येऊ न्यायला?"

"कशाला? गाडी तुमच्याच बाजूला येतेय."

कुठली गाडी, हे मी विचारायला हवं होतं. चहाच्या वेळेला फाटकाशी रुग्णवाहिका येऊन थांबली. दिवा फिरत होता. सगळ्यांत आधी विमावाले भाऊजी जिन्यात आले, हातात फॉर्म घेऊन. मावशी रियाज मध्येच सोडून धावल्या, डॉक्टर हातमोज्यासकट वर आले, आणि नव्या जोडप्याने त्या उरलेल्या फळीचं स्ट्रेचर करता येईल का विचारलं. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि त्या पलंगावर आडव्या झाल्या. "आले मला न्यायला," त्या म्हणाल्या. "मेट्रननी ओळखलं बरं का. ह्या घरात कुणाला कळलं नाही."

चालकाने जिना चढून माझ्या हातात एक पाकीट दिलं. त्यात पेन ड्राइव्ह होता आणि सासूबाईंच्या नावाची एक चिठ्ठी: मंगळवारी तपासायला आणणे. सासूबाई उठून बसल्या आणि ती चिठ्ठी त्यांनी आल्यागेल्याला दाखवली. असं कुणी लेखी बोलावणं त्यांना आजवर पाठवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या एकटीसाठी एक लहानशी जागा घेतली. महिन्याच्या महिन्याला पैसे, समोरच्याला खातं लागत नाही, फाईल जशी ठेवली तशी पोचते, आणि पुसलेलं परत मिळायला महिनाभराची मुदत. हे सगळं मी आधीच शोधून ठेवलं होतं, फक्त एकटीसाठी घ्यायचा धीर होत नव्हता. तिथे मी फक्त 'गणवेश' ठेवला आणि तीन वेळा तपासून तिन्ही शाखांना लिंक पाठवली. 'घर' आहे तसंच आहे. त्याच्या कुटुंबप्रमुख आता सासूबाई आहेत आणि कुणी काय टाकलं यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

सोमवारी दुपारी मेट्रनबाईंनी फोटो पाठवला. एक धिप्पाड परिचारिका नवा टॉप घालून दोन्ही हात डोक्यावर उंच करून उभी होती. काखेत कुठेही ओढलं नव्हतं. खाली एवढंच लिहिलं होतं: 'काम तुमचं.' मी तो फोटो ह्यांना दाखवला. त्यांनी तो चष्म्यातून पाहिला, चष्मा काढून पाहिला, आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, बागेत चालले.

थोड्या वेळाने भाऊजींचा आवाज बाहेरच्या खोलीतून ऐकू आला. भाच्याला पहिल्या तारखेपासून यायचंय, त्याचं सामान फार नाही, पुतळा राहिला तरी त्याची हरकत नाही.

"जमणार नाही," हे म्हणाले.

"का? तिथे वहिनींचं ते..."

"ते नाही," हे म्हणाले. "तिथे ऑफिस आहे."

मी आत हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग मागच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. इतक्या वर्षांत त्या दारावर कुणी टकटक केल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे आता काय म्हणायचं असतं ते चटकन सुचेना.

"या," मी म्हटलं.

हे दार थोडंसं उघडून उभे राहिले, उंबऱ्याच्या बाहेरच.

"तुमच्याकडे माझा चष्मा राहिलाय का?" त्यांनी विचारलं. तो त्यांच्या डोक्यावर होता.